रेस ‘बघायला’ कोण जातं?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आपण मराठी माणसं क्रिकेट बघायला जातो, कुस्ती बघायला जातो, नाटक तर बघायला जातोच. रेसला मात्र आपण ‘खेळायला’ जातो. ‘तो रेस खेळतो’ असं कुणी म्हटलं, की ऐकणारा आवाज खाली आणून विचारतो, ‘घरी माहीत आहे का?’ वास्तविक धावतो घोडा, त्याच्या पाठीवर जीव मुठीत धरून असतो जॉकी. आणि खेळणारा कोण, तर कठड्याशी रेसबुक घेऊन उभा असलेला माणूस! शब्दांशी माझं रोजचं देणंघेणं, म्हणून हे मला खटकतं. ‘शर्यत’ हा शब्दच मुळी अरबी ‘शर्त’वरून आपल्याकडे आला. त्याच्या पोटातच पैज आहे. ती पैज बाजूला ठेवली तर घोड्यांच्या शर्यतीत बघण्यासारखं काय उरतं आणि ते नव्या लोकांपर्यंत कसं न्यावं, याविषयी मला आज बोलायचं आहे.

महालक्ष्मीचं रेसकोर्स १८८३ सालचं. पुण्याचं, एम्प्रेस गार्डनशेजारचं, त्याहून जुनं. पावसाळ्यात पुण्याला आणि थंडी पडली की मुंबईला, असा हा मोसम पिढ्यान् पिढ्या चालत आलाय. मी पुण्याच्या स्टँडमध्ये अधूनमधून जाऊन बसतो. आजूबाजूला पाहिलं तर बहुतेक डोकी माझ्यासारखीच पिकलेली. कॉलेजातली मुलं दिसलीच, तर एकमेकांचे फोटो काढताना दिसतात. घोड्याचा फोटो क्वचितच कुणी काढतं.

क्लबांची अडचण पैशाची आहे आणि ती खरी आहे. त्यांचं उत्पन्न मुख्यतः पैजांच्या उलाढालीतून येतं. त्या पैजांवर २०१७ पासून २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. मग खेळणारा बेकायदा बुकीकडे वळतो, त्याला ना कर ना पावती. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली रेस हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलं खरं. करवाल्यांनी ते कौशल्य लॉटरीच्याच पंगतीला बसवलं. तेव्हा नुसत्या पैजेवर हा संसार पुढे चालायचा नाही, हे हिशेबाने तरी पटायला हवं. तिकीट काढून, डबा घेऊन, पोराबाळांसह येणारा प्रेक्षक पाहिजे.

तो यावा म्हणून आजवर काय केलं गेलं? फेब्रुवारीतल्या इंडियन डर्बीच्या दिवशी जाऊन पाहा. १९४३ पासूनची ही शर्यत, पहिल्या वर्षी ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ नावाच्या घोडीने जिंकलेली. त्या दिवशी टोप्या असतात, फॅशन असते, सिनेमातली मंडळी असतात. दुसऱ्या दिवशी पेपरात टोपीचा फोटो मोठा आणि घोड्याचा लहान. टोपी बघायला आलेला माणूस पुढच्या रविवारी परत येत नाही, कारण पुढच्या रविवारी टोप्या नसतात. घोडे मात्र असतात.

आता कुणी म्हणेल, मराठी माणसाला घोड्याचं वेड नाही, त्याला काय करणार? हे काही मला पटत नाही. आषाढी वारीत माउलींच्या पालखीचं रिंगण लागतं, तेव्हा काय होतं? अंकलीच्या शितोळे सरदारांकडचे अश्व रिंगणात सुटतात आणि हजारो माणसं टाचा उंचावून बघत राहतात. कुणाच्या खिशातला एक रुपया लागलेला नसतो. घोडा गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते. सारंगखेड्याच्या यात्रेत, दत्तजयंतीला, नुसते घोडे पाहायला लोक जातात. लग्नाच्या वरातीत नवरदेवापेक्षा घोड्याभोवती पोरं जास्त. आणि बैलगाडा शर्यत पाहा. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला पुन्हा परवानगी दिली आणि घाट तुडुंब भरले. ‘बकासुर’ नावाच्या बैलाला शाळकरी पोरं नावाने ओळखतात, मोबाइलवर त्याची धाव पुन्हा पुन्हा बघतात. बकासुराचा मालक कोण, गाव कोणतं, मागच्या मैदानात काय झालं, सगळं तोंडपाठ. डर्बी जिंकलेल्या एका तरी घोड्याविषयी पुण्यातल्या पोराला इतकं सांगता येईल का?

माझे मामू पुण्यात रेसच्या तबेल्यावर सईस होते. पहाटे साडेतीनला उठून सायकलवर जायचे. आमच्या घरात जुगार हराम. त्यात शंका नाही, सवलत नाही. पण घोडा हराम नव्हता. पैगंबरसाहेबांनी मदिनेत घोड्यांच्या शर्यती लावल्याचं हदीसमध्ये आलं आहे, हे अब्बा मामूंच्या बाजूने सांगत आणि अम्मी ऐकून न ऐकल्यासारखं करी. तिचंही चुकत नव्हतं. आमच्याच गल्लीत एक शिंपीचाचा होते. त्यांचं शिवणयंत्र जॅकपॉटच्या पायी गहाण पडलं आणि ते परत आलेलं कुणी पाहिलं नाही. त्यानंतर चाची लोकांकडे भांडी घासायला जाऊ लागल्या. त्यामुळे तरुणांना ओढायचं म्हणून पैजेचीच आणखी चकचकीत जाहिरात करा, असं कुणी सुचवलं तर माझे हात वर आहेत.

मामूंनी तीस वर्षांत एकदाही पैज लावली नाही. त्यांच्या ताब्यातल्या घोड्याचं कागदावरचं इंग्रजी नाव त्यांना धड उच्चारता येत नसे. ते त्याला ‘लाडू’ म्हणत, कारण गूळ पाहिल्यावर तो मान तिरकी करायचा. लाडूला पावसाचा आवाज आवडत नाही, लाडू डाव्या बाजूने कुणाला जवळ येऊ देत नाही, लाडू शर्यत हरला की पाण्याला तोंड लावत नाही. हे सगळं ऐकत आम्ही भाचरं मोठी झालो. रविवारी लाडू कितवा आला हे विचारायला आम्ही कोपऱ्यावर थांबायचो. आम्ही सहाजण लाडूचे चाहते होतो आणि क्लबाने त्यासाठी एक पैसाही खर्च केला नव्हता.

क्लबांनी करायचं ते काम मला इथे दिसतं. प्रत्येक घोड्यामागे असा एक सईस आहे. त्याला बोलतं करा. मोबाइलवर दीड मिनिटाची चित्रफीत, मराठीत, हिंदीत, त्याला जी भाषा येते त्या भाषेत. जाहिरात कंपनीला हे सुचणार नाही, कारण ती पहाटे साडेतीनला तबेल्यात जात नाही.

नावांचंही बघा. रेसच्या घोड्याच्या नावाला अठरा इंग्रजी अक्षरांची मर्यादा असते, मधली मोकळी जागा धरून. अठरा अक्षरांत किती सुंदर मराठी नाव बसेल! पण आपल्याकडची बहुतेक नावं इंग्रजी. सत्तरच्या दशकात ‘स्क्वॉन्डरर’ नावाचा घोडा गाजला, भारतातल्या थोर घोड्यांत त्याची गणना होते. स्क्वॉन्डरर म्हणजे उधळ्या. आता मराठीत पैसाही उधळतात आणि घोडाही उधळतो! एका क्रियापदात अख्खं रेसकोर्स मावलं आहे. ही गंमत दादर-परळच्या माणसाला तेव्हा कुणी सांगितली असती, तर त्याने तो घोडा कायमचा लक्षात ठेवला असता. पांडू खाडे, वसंत शिंदे अशी मराठी नावं जॉकी म्हणून गाजली. त्यांच्याविषयी तरी आपल्या घरांत किती बोलणं झालं?

जिंकणाराच घोडा लोकांना आवडतो, हाही एक समज आहे. जपानमध्ये कोची नावाचं गाव आहे. आपलं केरळातलं नव्हे, शिकोकू बेटावरचं. तिथलं छोटं रेसकोर्स बंद पडायच्या बेतात होतं. तिथे ‘हारू उरारा’ नावाची घोडी पळत असे. नावाचा अर्थ वसंतातला प्रसन्न दिवस. ही घोडी कारकिर्दीत ११३ शर्यती धावली आणि एकही जिंकली नाही. २००३ च्या सुमारास तिच्या हरण्याची बातमी देशभर पसरली आणि लोक लांबून तिला बघायला येऊ लागले. तिच्यावर लावलेलं तिकीट कधी लागत नाही, म्हणून ते गाडीत ठेवलं तर अपघातात धडकही लागणार नाही, असा गमतीचा समज झाला. ‘लागणे’चे हे दोन अर्थ जपानीतही तसेच आहेत. मार्च २००४ मध्ये युताका ताके या त्यांच्या सर्वांत नामांकित जॉकीने तिच्यावर स्वारी केली. अकरा घोड्यांत ती दहावी आली आणि लोकांनी जल्लोष केला. कोचीचं रेसकोर्स तगलं. २०२५ च्या सप्टेंबरात ती वारली, तेव्हा तिची बातमी जपानबाहेरही छापून आली. लोकांनी तिकिटं घेतली होती, हे खरं. पण ती जपून ठेवण्यासाठी घेतली होती.

आपल्याकडे नवा माणूस रेसकोर्सवर गेला तर त्याच्या वाट्याला काय येतं? डर्बीची २,४०० मीटरची शर्यत साधारण अडीच मिनिटांत संपते. पुढची अर्ध्या तासाने. या अर्ध्या तासात त्याने करायचं काय? पैज लावणाऱ्याला तो वेळ पुरत नाही आणि न लावणारा जांभया देतो. माझ्या मते खरी मेख या अर्ध्या तासात आहे. पॅडॉकमध्ये घोडे गोल फिरवतात, तिथे नव्या माणसाला घेऊन जा. कान कुठे वळलेत, घाम कुठे फुटलाय, चाल मोकळी आहे की आखडलेली, हे दाखवा. हँडिकॅप म्हणजे काय ते सांगा. ज्या घोड्याने आधी पराक्रम केला त्याच्या पाठीवर जास्त वजन, जो मागे राहिला त्याला कमी. वजन भरायला खोगिराशी शिशाचे तुकडे घालतात. बलवंताने जास्त ओझं वाहायचं आणि तरीही पुढे यायचं, हा नियम शाळेतल्या मुलालाही आवडेल. बाळ ज. पंडितांनी रेडिओवरून मराठीत क्रिकेट ऐकवलं आणि बॅट हातात न धरलेल्या आजीबाई सामना ऐकायला बसू लागल्या. रेसचं धावतं वर्णन मात्र इंग्रजीतच चालतं. एखाद्या मराठी आवाजाला पुण्याच्या मोसमात ते करू द्या. शेवटच्या दोनशे मीटरसाठी आपल्या भाषेत शब्द कमी पडणार नाहीत.

पुण्याकडे तर सांगायला आणखी एक गोष्ट आहे. पूनावाला कुटुंबाचा घोड्यांचा स्टड फार्म. तिथले निवृत्त घोडे हाफकिन संस्थेला दिले जात, कारण धनुर्वात आणि सर्पदंशावरची प्रतिद्रव्यं घोड्याच्या रक्तातून काढत. त्यातूनच १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. कोरोनात ज्यांनी तिथली लस घेतली, त्यांच्यापैकी किती जणांना ठाऊक असेल की त्या कंपनीचं मूळ रेसच्या घोड्यांच्या तबेल्यात आहे? रेसकोर्सवर याचा एक साधा फलकही माझ्या पाहण्यात नाही.

पण घोड्याची गोष्ट सांगायची तर शेवटपर्यंत सांगावी लागेल. आजची मुलं पहिला प्रश्न विचारतात तो हाच: पळून झाल्यावर घोड्याचं काय होतं? चाबूक का मारता? माझ्या भाचीने मला हेच विचारलं. काही घोडे प्रजननासाठी जातात, काही घोडेस्वारीच्या शाळांत. सगळ्यांचं नशीब तेवढं चांगलं नसतं. क्लबाने प्रत्येक निवृत्त घोड्याचा ठावठिकाणा जाहीर केला, तर ती कुठल्याही टोपीपेक्षा मोठी जाहिरात ठरेल. आणि तो जाहीर करता येत नसेल, तर नवे चाहते मागू नयेत.

महालक्ष्मीला तर हे सगळं करून बघायची संधी चालून आली आहे. २०२४ मध्ये ठरल्याप्रमाणे तिथल्या २११ एकरांपैकी १२० एकरांवर सार्वजनिक उद्यान व्हायचं आहे आणि ९१ एकर क्लबाकडे तीस वर्षांच्या कराराने राहायचे आहेत. आजही सकाळी तिथे चालायला येणाऱ्यांची रीघ असते. कानांत गाणी घालून ते फेऱ्या मारतात आणि रविवारी दुपारी फिरकत नाहीत. उद्यानाच्या आणि ट्रॅकच्या मधल्या कठड्याशी काही बाक टाका, आणि प्रत्येक बाकाजवळ, सकाळच्या सरावाला येणाऱ्या एकेका घोड्याची पाटी लावा. मराठीत. घोड्याचं नाव, त्याच्या आईचं नाव, त्याच्या सईसाचं नाव आणि त्याला काय खायला आवडतं ते.