'कणा' वाचताना पियानोवाल्यानं काय करायचं?

इंदिरानगरहून, नेहमीच्याच खोलीतून. मागे कुकरची शिट्टी ऐकू आली तर समजून घ्या.

गेल्या आठवड्यात तिघांनी मला एकाच प्रकारचं रील पाठवलं. कुसुमाग्रजांची 'कणा', कुणीतरी भरल्या आवाजात वाचतंय आणि खाली संथ, रडवेला पियानो. सोबत मेसेज : आपण असं लाइव्ह करू या ना, एखाद्या जुन्या सभागृहात!

करू या. पण आधी थोडं भांडू या.

'कणा'त काय घडतं? पुरात घर उद्ध्वस्त झालेला एक जुना विद्यार्थी सरांकडे येतो. काय काय गेलं ते सांगतो, पण सांगण्यात तक्रार नाही, उलट थोडी थट्टाच आहे. सरांना वाटतं, याला पैसे हवेत. तो ते घेत नाही. त्याला पाठीवर हात हवाय, बस. नाशिककरांना हा पूर समजावून सांगावा लागत नाही. आपण गोदावरीला गंगाच म्हणतो आणि पाणी किती चढलं ते दुतोंड्या मारुतीकडे बघून ठरवतो.

आता बघा, जो माणूस दया नको म्हणतोय, त्याच्या प्रत्येक वाक्याखाली आपण दयेचे सूर घालतो. सरांचे पैसे त्यानं नाकारले, ते आपण पियानोतून परत त्याच्या हातात कोंबतो! कविता जे करू नका म्हणते, नेमकं तेच संगीत करतं. मला हे चालत नाही.

आमच्या गटात पियानो शिकणारा एक मुलगा आहे, त्याला हे सांगितल्यावर तो वैतागला. म्हणाला, "दादा, मला गप्पच बसवायचं असेल तर बोलावता कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधताना मला एक भारी गोष्ट सापडली.

1897 साली रिचर्ड श्ट्राउस या जर्मन संगीतकारानं टेनिसनच्या 'इनॉक आर्डन' या दीर्घ कवितेसाठी पियानोची साथ लिहिली. गायचं नाही, नटानं कविता फक्त वाचायची. एर्न्स्ट फॉन पोसार्ट या नटासाठी त्यानं हे केलं होतं. म्हणजे तुम्ही म्हणताय तोच कार्यक्रम, सव्वाशे वर्षांपूर्वीचा. गोष्टही बघा : इनॉक खलाशी, जहाज फुटतं, अनेक वर्षांनी तो गावी परततो, तर बायकोनं त्याच्याच बालमित्राशी लग्न केलेलं. घर सुखात आहे. तो ओळख न देता मागे फिरतो. आपल्या 'कणा'तल्या पोरासारखाच, काही न मागणारा माणूस. आणि जवळजवळ तासाभराच्या त्या वाचनात पियानो बराच वेळ चक्क गप्प असतो! पानंच्या पानं नुसता आवाज. मग मध्येच चार सूर येतात आणि ते लागतात, कारण त्याआधी शांतता होती.

आपल्याकडेही हे नवं नाही. संगीत नाटक आठवा. संवाद संवादासारखा चालतो, पदाची जागा आली की पेटी किंवा ऑर्गन सूर देतो. (जुन्या वास्तूंचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो : 21 डिसेंबर 1909 ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या, तेव्हा जॅक्सन देवलांचं 'संगीत शारदा' बघायला आला होता. त्यावर कधीतरी वेगळा भाग करू.) पुढे विंदा, बापट आणि पाडगांवकर गावोगाव कविता वाचत फिरले, तेही साथीदारांशिवाय. 'आयुष्यावर बोलू काही'त संदीप खरे कविता म्हणतात, सलील कुलकर्णी गातात. कविता आणि गाणं आलटून पालटून येतं, म्हणून दोन्ही ऐकू येतं.

तरी मला पियानो हवाय, आणि पेटीपेक्षा तोच हवाय. कारण साधं आहे. पेटीचा भाता हलतोय तोवर सूर भरलेला राहतो, वाचणाऱ्याला त्याच्यावरून आवाज चढवावा लागतो. पियानोत पट्टी दाबली की आत हातोडी तारेवर आपटते आणि त्याच क्षणापासून सूर विरायला लागतो. मींड नाही, म्हणून गाण्याच्या साथीला तो आपल्याकडे अडचणीचा. पण नुसत्या वाचनाला हाच गुण! सूर विरतो, जागा मोकळी होते, तिथे शब्द ठेवायचा.

जागेचं म्हणाल तर माझ्या मनात सावाना आहे, आपलं सार्वजनिक वाचनालय. स्थापना 1840 ची, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्याही 17 वर्षं आधीची. शिरवाडकर ज्या शहरात राहिले, त्याच शहरातल्या अशा जागी त्यांची कविता वाचायची, याला अर्थ आहे. खरा पियानो मात्र विसरा. साधा अपराइट दोन-अडीचशे किलो भरतो. तो इंदिरानगरच्या बोगद्यातली गर्दी पार करून शालिमारपर्यंत न्यायचा, हलवल्यावर सुरात लावायला माणूस आणायचा, आणि पावसाळ्यात दमट हवेनं तो पुन्हा बेसूर होणार. 88 पट्ट्यांचा, हातोडीसारख्या वजनाच्या पट्ट्या असलेला डिजिटल पियानो पुरे. फक्त स्पीकर वाचणाऱ्याच्या मागे नको, नाहीतर पहिल्या रांगेला सूरच ऐकू येतील.

क्रम मी असा धरलाय. सुरुवातीला पियानो एकटा, दीडेक मिनिट. मग 'कणा' सुरू होते, पट्ट्यांवरून हात खाली. पूर येऊन जातो, तरी पियानो नाही. सर पैसे द्यायला निघतात, पोरगा उठतो, तिथेही नाही. आमचा मुलगा म्हणतो, निदान शेवटची ओळ झाल्यावर लगेच वाजवू द्या. मी म्हणतो, टाळ्या येऊन जाऊ देत. टाळ्या नाहीच आल्या तर आणखी छान, तेवढा वेळ थांब. मग एकच सूर, आणि तो पूर्ण विरेपर्यंत पुढची कविता सुरू करायची नाही. यावर तो अजून तयार नाही. रविवारी तालीम आहे, बघू कोण जिंकतं.

तोवर तुमच्यासाठी काम. 'कणा' फोनवर दोनदा रेकॉर्ड करा. एकदा पियानोच्या ट्रॅकवर, एकदा नुसती, पंखा बंद करून. दोन्ही क्लिप पाठवा, आणि सरांच्या पैशांच्या जागी तुमचा आवाज कुठल्या क्लिपमध्ये काय करतो तेही लिहा. त्यातल्या काही पुढच्या भागात ऐकवतो. चला, कुकर झाला वाटतं!