दुरुस्तीचा हक्क



या व्यासपीठावरून आजवर मोठमोठे विद्वान बोलून गेले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही शिकलो ते कारखान्यात, फिटरच्या बाकावर आणि नगर वाचनालयाच्या मोफत विभागात. तेव्हा चिटणिसांनी मला बोलावले ते मी बोनसवर किंवा कंत्राटी कामगारांवर बोलावे या अपेक्षेने, हे उघड आहे. परंतु आज मी आपल्या सर्वांच्या खिशात असलेल्या एका वस्तूवर बोलणार आहे. मोबाईल. आणि त्यासंबंधी एकच साधा प्रश्न विचारणार आहे: ही वस्तू कोणाची?

आपण म्हणाल, हा काय प्रश्न झाला! पैसे आम्ही मोजले, पावती आमच्या नावाची, वस्तू आमची. ठीक आहे. मग तिचे झाकण उघडून दाखवा. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओचे मागचे पुठ्ठे चार स्क्रू काढले की निघत असे, आणि पुष्कळ संचांत आतल्या जोडणीचा नकाशाच चिकटवलेला असे. रेडिओ बिघडणार, तो कोणीतरी उघडणार आणि दुरुस्त करणार, हे कारखानदाराने गृहीत धरलेले होते. आज मोबाईल डिंकाने चिकटवलेला असतो. ॲपलने २०११ च्या सुमारास आपल्या आयफोनला पाच पाकळ्यांचा स्क्रू लावला. त्याचा पाना तेव्हा बाजारात सहजासहजी मिळतच नव्हता. फिटर म्हणून सांगतो, पाच पाकळ्यांच्या स्क्रूने चार पाकळ्यांच्या स्क्रूपेक्षा काही जास्त घट्ट बसत नाही. तो लावण्याचा हेतू एवढाच, की तुमच्याआमच्या हातातला पाना त्यात शिरू नये.

आता बॅटरीचे घ्या. मोबाईलची बॅटरी लिथियमची असते. ती जितक्या वेळा भरावी आणि रिती व्हावी, तितकी झिजत जाते. त्यात कोणाचा दोष नाही, तो रसायनाचा धर्म आहे. म्हणजे बॅटरी ही सायकलच्या टायरसारखी झिजणारी चीज आहे. उद्या एखाद्या सायकल कारखानदाराने टायर रिमला कायमचा चिकटवून टाकला आणि टायर झिजल्यावर म्हणाला, ‘आता नवी सायकल घ्या,’ तर आपण त्याला वेड्यात काढू. मोबाईलवाल्याला मात्र आपण रांगेत उभे राहून पैसे देतो.

वस्तूचे आयुष्य मुद्दाम कमी करण्याची ही युक्ती आजची नाही. १९२४ साली युरोपातील आणि अमेरिकेशी संबंध असलेल्या बड्या दिवे-कारखानदारांनी जिनिव्हात ‘फीबस’ नावाचा एक संघ स्थापन केला. त्यांनी आपसात ठरवले, की घरगुती विजेचा दिवा एक हजार तासच टिकला पाहिजे. ज्याचे दिवे जास्त टिकतील त्याला संघाकडून दंड! कामगार पगारवाढीसाठी एकत्र आले की त्याला कट म्हणणारे लोक हेच.

पण दिव्याचा तो संघ आजच्या हिकमतीपुढे पोरखेळ वाटावा. खरी ग्यानबाची मेख आता लोखंडात नाही, सॉफ्टवेअरमध्ये आहे. मोबाईलच्या एकेका भागाला अनुक्रमांक असतो. पडदा, बॅटरी, कॅमेरा यांचे क्रमांक मुख्य बोर्ड तपासून पाहतो. तुम्ही एकाच कंपनीचे, एकाच नमुन्याचे दोन अस्सल फोन आणा आणि एकाचा भाग काढून दुसऱ्याला बसवा. भाग अस्सल, बसवणारा कुशल, तरीही फोन म्हणतो, ‘मी याला ओळखत नाही.’ कधी नुसती तंबी मिळते, कधी ते अंगच बंद पडते. २०२१ च्या आयफोनमध्ये बाहेर पडदा बदलला की चेहरा ओळखण्याची सोय बंद पडत असे. ओरड झाल्यावर कंपनीने ती अट मागे घेतली. म्हणजे अट यंत्राची नव्हती, हे त्यांनीच सिद्ध केले. त्याआधी २०१६ साली, ज्यांनी आयफोनचे बटण बाहेरच्या मेकॅनिककडून बदलून घेतले होते, त्यांचे फोन नव्या सॉफ्टवेअरबरोबर ‘५३ क्रमांकाची चूक’ दाखवून पार निर्जीव झाले. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी ग्राहक-आयोगाने कोर्टात खेचले, आणि २०१८ साली तेथील संघीय न्यायालयाने ॲपलला ९० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर्सचा दंड केला. बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून ग्राहकाचा कायदेशीर हक्क बुडत नाही, हा त्या खटल्याचा अर्थ. त्याच कंपनीने २०१७ च्या डिसेंबरात कबूल केले होते, की जुन्या बॅटरीच्या फोनांचा वेग ती स्वतःच कमी करत होती. फोन अचानक बंद पडू नये म्हणून, हे कारण. कारण खरेही असेल. पण नवी बॅटरी घातली तर फोन पूर्ववत धावेल, हे गिऱ्हाइकाला सांगितले नव्हते. फ्रान्सने २०२० मध्ये अडीच कोटी युरोंचा दंड केला तो नेमका या न सांगण्याबद्दल.

आपल्यापैकी कोणी म्हणेल, हे श्रीमंतांच्या फोनचे रडगाणे आहे, त्यात कामगार पुढाऱ्याचे काय काम? म्हणून आता फोन बाजूला ठेवतो आणि आगगाडीची गोष्ट सांगतो.

पोलंड देशात नेवाग नावाची आगगाड्या बनवणारी कंपनी आहे. तिच्या काही गाड्या एका प्रादेशिक रेल्वेने विकत घेतल्या. मोठ्या दुरुस्तीची वेळ आली तेव्हा टेंडर निघाले आणि ते दुसऱ्याच एका वर्कशॉपला मिळाले. तेथील कामगारांनी पुस्तकाबरहुकूम गाडी खोलली, तपासली, जोडली. गाडी हलेना. दुसरी खोलली, तीही हलेना. कारागिरांचीच चूक, असे बोलले जाऊ लागले. शेवटी वर्कशॉपने संगणकातील तीन तरबेज तरुणांना बोलावले. त्यांनी गाडीच्या संगणकातील आज्ञा वाचून काढल्या, आणि २०२३ च्या डिसेंबरात जगापुढे जे मांडले ते ऐका. त्या आज्ञांत परक्या वर्कशॉपांचे अक्षांश-रेखांश लिहिलेले होते! गाडी त्या जागी काही दिवस उभी राहिली, की तिने स्वतःला कुलूप घालून घ्यायचे. नेवाग कंपनी हा आरोप साफ नाकारते, तिने उलट त्या तरुणांवरच दावे लावले. न्यायालये काय ते ठरवतील. पण त्या वर्कशॉपमधल्या फिटरच्या जागी मी स्वतःला कल्पितो. प्रत्येक नट जागेवर आहे, प्रत्येक तार तपासली आहे, आणि तरी साहेब विचारतो आहे, ‘तुला काम येते का?’ हातात कसब असून माणूस बेकूब ठरतो. ही मला पैशाच्या नुकसानीहून मोठी गोष्ट वाटते.

तसे लांब जायला नको. आमच्या युनियनच्या एका कारखान्यात, नाव घेत नाही, परदेशी बनावटीचे एक सीएनसी यंत्र बंद पडले. मेंटेनन्सच्या पोरांनी दोन तासांत दोष हुडकला. एक सेन्सर गेला होता. तसाच सेन्सर बाजारात मिळाला, बसवला. तर यंत्राचा पडदा सांकेतिक शब्द मागू लागला. तो शब्द विकणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरपाशी, आणि इंजिनिअर दुसऱ्या राज्यात. तो नवव्या दिवशी आला, उभ्याउभ्याच बोटे चालवली, चहा घेतला आणि गेला. ते नऊ दिवस त्या लाइनवरची अठ्ठावीस माणसे ले-ऑफवर होती. त्या वेळच्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे ले-ऑफला मूळ वेतन व महागाई भत्ता यांचा निम्मा हिस्सा मिळे. म्हणजे त्या एका शब्दाची किंमत अठ्ठावीस घरांच्या किराणाच्या बिलातून वसूल झाली. मी मालकाकडे भांडायला गेलो तर तो बिचारा म्हणाला, ‘अहो, यंत्राचे हप्ते मीच भरतो, पण यंत्र माझे ऐकत नाही.’ आयुष्यात मालकाची कीव येण्याचे प्रसंग मला फार थोडे आले, त्यांतला तो एक.

शेतकऱ्याचेही तेच. अमेरिकेत जॉन डिअरच्या ट्रॅक्टरमध्ये बिघाड झाला की पुष्कळ दुरुस्त्यांना कंपनीचे सॉफ्टवेअर लागते, आणि ते पूर्ण स्वरूपात फक्त अधिकृत विक्रेत्याकडे असते. पीक काढणीला आलेले आणि शेतकरी विक्रेत्याच्या माणसाची वाट पाहत बसलेला. कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेती-अवजारांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. २०२५ च्या जानेवारीत तेथील मध्यवर्ती व्यापार आयोगाने दोन राज्यांना बरोबर घेऊन या कंपनीवर खटला भरला. या कंपनीचा ट्रॅक्टर-कारखाना आपल्या पुण्याजवळ सणसवाडीला आहे. आपल्याकडचे पुष्कळ ट्रॅक्टर अजून गावचा मिस्त्री पान्याने आणि कानाने दुरुस्त करतो. ऑइल इंजिन नुसत्या आवाजावरून ओळखणारी माणसे कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी पाहिली आहेत. बारा बलुत्यांच्या काळीही नांगर मोडला तर गावचा सुतार-लोहार तो नीट करून देई. त्या बलुत्याचे गोडवे मी गाणार नाही. जातीने बांधलेले ते काम होते आणि सुगीला मिळेल ते धान्य पदरात घ्यावे लागे. पण नांगर उघडण्याला बंदी नव्हती.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे, कारण वाटाघाटीत समोरच्याचे म्हणणे पाठ असावे लागते. ते म्हणतात, लिथियमची बॅटरी पेट घेते, अडाणी हाती जाऊ नये. यात तथ्य आहे. म्हणून तर माहिती-पुस्तक आणि अस्सल भाग खुले करा असे आम्ही म्हणतो. अस्सल भाग मिळत नाही तेव्हाच मेकॅनिक नकली बॅटरी घालतो. आणि २०१६ साली सॅमसंगचे नोट-७ हे फोन पेटू लागले आणि लाखोंनी परत मागवावे लागले, ते काही टपरीवर दुरुस्त केलेले नव्हते. कारखान्यातून कोरे करकरीत आलेले होते. दुसरे म्हणतात, चोरीचे भाग विकले जातील. मग चोरीला गेलेल्या फोनाचे भाग अडवा, विकत घेतलेल्या फोनाचे का अडवता?

कायद्याने हे होऊ शकते. युरोपीय संघाने नियम केला, की २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या नव्या नमुन्याच्या मोबाईलचे महत्त्वाचे सुटे भाग, विक्री बंद झाल्यावरही सात वर्षे मिळाले पाहिजेत. बॅटरी आठशे वेळा भरल्यावरही तिच्यात ऐंशी टक्के ताकद उरली पाहिजे. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने २०२४ मध्ये ती अनुक्रमांकाची कुलूपबंदीच बेकायदा ठरवली. ज्या कंपन्या ‘तांत्रिकदृष्ट्या अशक्य’ म्हणत होत्या त्यांना कायदा दिसताच ते शक्य झाले. संपाची नोटीस लागल्यावर मालकाच्या तिजोरीत अचानक पैसे निघतात, तसाच हा प्रकार.

आपल्याकडे काय? आपल्याकडे एक फार मोठा निकाल झाला, आणि तो बहुतेकांना ठाऊक नाही. एका मोटारमालकाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ च्या ऑगस्टात १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. गुन्हा हा, की सुटे भाग आणि दोष शोधण्याची उपकरणे त्या खुल्या बाजारात येऊ देत नव्हत्या आणि साध्या गॅरेजवाल्याला उपाशी मारत होत्या. कंपन्या अपिलात गेल्या, जाणारच. पण तत्त्व नोंदले गेले. त्यानंतर २०२२ च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक खात्याने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि शेती-अवजारे, मोबाईल व तत्सम वस्तू, घरगुती उपकरणे आणि वाहने अशी चार क्षेत्रे धरली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, ग्राहक दिनी, एक पोर्टल उघडले. पुढे फ्रान्सप्रमाणे वस्तूला दुरुस्ती-सुलभतेचे गुण देण्यासाठी आणखी एक समिती झाली आणि २०२५ मध्ये तिचा अहवाल आला. हे सर्व चांगले आहे. पण पोर्टलवर कंपनीने स्वखुशीने माहिती द्यायची आहे, आणि स्वखुशीने किमान वेतन देणारा मालक मी अजून पाहिलेला नाही. गुणांची चिठ्ठी खोक्यावर चिकटवली म्हणून सुटा भाग दुकानात येत नाही. भाग, पुस्तक आणि सॉफ्टवेअरची किल्ली वाजवी दरात द्यावी लागेल, न दिल्यास दंड होईल, असे कलम पाहिजे.

जगात २०२२ या एका वर्षात ६ कोटी २० लाख टन विजेच्या वस्तूंचा कचरा झाला, असा संयुक्त राष्ट्रांचा हिशेब आहे. त्यातल्या चौथ्या हिश्शाचीही नीट विल्हेवाट लागल्याची नोंद नाही. तो कचरा शेवटी कोणाच्या हाती फुटतो आणि कोणाच्या फुप्फुसात जातो, हे या सभेला सांगायला नको.

आता मुख्य माणसाबद्दल. बसस्टँडसमोर सहा फुटांच्या टपरीत, डोळ्याला भिंग लावून बसलेला जो पोरगा आहे, तो कारखान्यातला कामगार नाही आणि खरा दुकानदारही नाही. त्याला ना भविष्यनिर्वाह निधी, ना रजा. कोणी व्हिडिओ पाहून शिकलेला, कोणी उस्तादाकडे उमेदवारी केलेला. सरकारने समिती नेमली की उद्योगपतींच्या संघटना तेथे हजर होतात, कारण त्यांना संघटना आहे. या पोराच्या वतीने कोण जाणार? म्हणून गेल्या दिवाळीपासून आम्ही काही कार्यकर्त्यांनी या गावातील दुरुस्तीवाल्यांना एक काम लावून दिले आहे. परत पाठवावे लागलेले प्रत्येक काम वहीत लिहायचे. वस्तू कोणती, भाग कोणता, आणि काम का होऊ शकले नाही: भाग मिळाला नाही, भाव परवडला नाही, की सॉफ्टवेअरने अडवले. आज एकोणीस वह्या चालू आहेत. घड्याळवाले, मिक्सरवाले, पंपाचे वाइंडिंग करणारेही त्यात आले आहेत. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता युनियनच्या कचेरीत त्या वह्या एकत्र करून तक्ता करायचा आहे, आणि तो ग्राहक खात्याकडे निवेदनासोबत जाईल. आपल्यापैकी कोणाची वस्तू अशी अडून पडली असेल तर पावती घेऊन यावे. पावती नसल्यास वस्तूच आणावी.