फटफटीस्वाराचा पोशाख



मोटारसायकलला आपल्याकडची जुनी माणसं 'फटफटी' म्हणत. तिच्या आवाजावरूनच हे नाव पडलं. आज बोलायचं आहे ते तिच्यावर बसणाऱ्याच्या पोशाखाविषयी. विषय वरवर पाहता हौशीचा वाटेल. पण कर्जत-खालापूरच्या रस्त्यांवर तो जिवाशीही निगडित आहे.

पावसाळ्यातला एखादा रविवार घ्या. द्रुतगती मार्गावर दुचाकीला मनाई असल्यामुळे मुंबईहून लोणावळ्याकडे निघालेले स्वार चौक, खालापूर, खोपोली असे जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानेच येतात. काळं कातडी जाकीट, मनगटाच्या वर येणारे हातमोजे, घोट्याच्या वर चढलेले बूट, गळ्याला रुमाल असा एकंदर थाट असतो. चहाच्या टपरीवर ते थांबले की आपली पोरं कौतुकानं भोवती जमतात. सोमवारी सकाळी त्याच रस्त्याने आपला माणूस कारखान्यात पाळीला निघतो. अंगात पातळ सदरा, पायांत चप्पल, हँडलला जेवणाचा डबा. आणि हेल्मेट? ते कोपरात अडकवलेलं! पोलीस दिसला की डोक्यावर, पोलीस मागे पडला की पुन्हा कोपरात. रस्ता मात्र दोघांना एकच, आणि पडणारा माणूस हौशी आहे की नोकरदार, हे काही रस्ता विचारत नाही.

मग त्या रविवारच्या थाटातलं सोमवारी आपण काय घ्यावं? हे ठरवायचं तर तो थाट आला कुठून, ते पाहायला हवं. तो कुणी शोभेसाठी काढलेला नाही. १९२८ साली न्यूयॉर्कमध्ये आयर्विंग शॉट या कपडे बनवणाऱ्या गृहस्थाने मोटारसायकलस्वारांसाठी कातडी जाकीट तयार केलं आणि त्याला आपल्या आवडत्या चिरुटाचं नाव दिलं : परफेक्टो. त्याची चेन मधोमध नसून तिरकी असते. का? स्वार पुढे वाकला तरी ती टोचू नये, आणि एकावर एक आलेल्या दोन पदरांतून वारा आत शिरू नये म्हणून. कमरेचा पट्टा कशासाठी? तर वाऱ्याने जाकीट वर उडू नये यासाठी. आणि कातडं अशासाठी, की डांबरावर घसरण्याची वेळ आलीच, तर आपल्या कातडीआधी ते झिजावं. पुढे १९५३ साली 'द वाइल्ड वन' या चित्रपटात मार्लन ब्रँडो तसलं जाकीट घालून आला आणि ते बंडखोर तरुणांची खूण होऊन बसलं. काम आधी, ऐट मागाहून!

हातमोज्यांचं तेच. पडताना माणूस आधी हात टेकतो, म्हणून मोजे. बुटाचंही तेच. सायलेन्सरचा चटका पोटरीला एकदा बसला, की उंच बूट का घालतात हे निराळं शिकवावं लागत नाही. इंग्लंडात पाऊस आणि चिखल फार, तेव्हा तिथल्या स्वारांनी मेण चोपडलेल्या सुती कापडाची जाकिटं पसंत केली.

आणि आपल्याला यात नवल ते काय? आषाढात भातलावणीला वाकलेल्या बाईच्या पाठीवरचं इरलं आठवा. पाठ कोरडी, दोन्ही हात मोकळे. धनगराच्या खांद्यावरची घोंगडी पाहा. थंडीत पांघरूण, पावसात खोळ, बसायला आसन. बोरघाटाची वाट दाखवणाऱ्या शिंग्रोबा धनगराची कथा आपल्याकडे सांगतात. घाटात त्याचं देऊळ आहे आणि येणारेजाणारे तिथे नाणं टाकून पुढे जातात. हवा, काम आणि वाट पाहून पोशाख करावा, हे शहाणपण या मातीला जुनंच आहे.

तेव्हा नक्कल करायची तर जाकिटाची करू नये, त्यामागच्या विचाराची करावी. वैशाखात कर्जतच्या उन्हात कातडी जाकीट म्हणजे अंगावर भट्टी. पावसात ते भिजून जड होतं आणि मग बुरशी धरतं. आपल्या हवेला जाळीदार कापडाचं, कोपर आणि खांद्यांना गाद्या लावलेलं जाकीट बरं. ते परवडत नसेल, तर निदान जाड कापडाचा पूर्ण बाह्यांचा सदरा, जाड पँट आणि बंद बूट. पावसाळ्यात रेनकोट दोन तुकड्यांचा असावा. वाऱ्यावर फडफडणारी टोपडी नको. आणि रंग? काळा नको. बोरघाटात किंवा नेरळहून माथेरानला चढताना धुकं उतरलं, म्हणजे काळा रेनकोट घातलेला माणूस मागच्या गाडीवाल्याला दिसतच नाही. पिवळा घ्यावा, पाठीवर चमकणारी पट्टी असावी.

बायकांच्या पोशाखाचा प्रश्न तर खास आपला. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी, नथ आणि फेटा अशा थाटात बुलेट चालवणाऱ्या मुली आपण पाहतो. पाहून बरं वाटतं, आणि काष्टा हा मांड टाकून बसायला सोयीचाच. पण रोज मागच्या बैठकीवर एका बाजूला बसणाऱ्या बाईचा पदर किंवा ओढणी चाकात गेली, तर गळ्याला फास बसतो. म्हणूनच १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी जाळी सांगितली आहे. कित्येक तरुण गाडी दिसायला सुटसुटीत व्हावी म्हणून ती काढून टाकतात. आईला किंवा बहिणीला मागे बसवणाऱ्याने असं कदापि करू नये. आणि बायांनो, कामाला लागताना आपण पदर खोचतोच ना? गाडीवर बसतानाही खोचा.

आता सर्वांत महत्त्वाचं. १९३५ साली 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलवरून पडून डोक्याच्या दुखापतीने वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी स्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला, १९४१ साली तो प्रसिद्ध केला आणि हेल्मेटचं महत्त्व जगापुढे मांडलं. हेल्मेट काम कसं करतं? बाहेरचं कवच मार पसरवतं, आतला थर्मोकोलचा थर स्वतः चेपून तो मार पिऊन टाकतो. म्हणून एकदा जबर आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी टाकून द्यावं. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. 'जवळच तर जायचंय' म्हणणाऱ्याचं डोकंही याच वेगाने आपटतं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने चालवणारा आणि मागे बसणारा, दोघांनाही हेल्मेट सांगितलं आहे. चार वर्षांवरच्या मुलालासुद्धा. त्यावर आय.एस.आय.ची खूण पाहून घ्या, आणि हनुवटीखालचा पट्टा आवळा. पट्टा न लावलेलं हेल्मेट पहिल्याच आपटीत डोक्यावरून निघून जातं.

तेव्हा पैसे बेताचे असतील तर खरेदीचा क्रम असा ठेवावा : आधी हेल्मेट, मग बंद बूट, मग हातमोजे, मग पिवळा रेनकोट. जाकीट आणि काळा चष्मा सवडीने. पुष्कळ पोरं हा क्रम नेमका उलटा धरतात. 'शिर सलामत तो पगडी पचास' असं आपले वाडवडील म्हणत आले. पगडी पन्नास प्रकारची बांधा, हौस जरूर करा; पण ती बांधायला डोकं जागेवर राहू द्या, एवढंच सांगून आपली रजा घेतो.