ताट आमचें, ठराव कोणाचा ?

(शेतकरी, शेतमजूर व पालक यांच्या तालुका मेळाव्यांत झालेलें भाषण)



आज आम्ही जो विषय घेऊन आपणांपुढें उभे आहोंत तो भाकरीचा आहे. भाकरी कोण पिकवितो हें आपणांस सांगण्याची जरूर नाहीं; आपल्या हातांवरचे घट्टेच तें सांगतील. आमचा प्रश्न निराळा आहे. रेशनच्या दुकानांत कोणतें धान्य यावें, शाळेच्या पातेल्यांत काय शिजावें, कोणतें बीं जपावें, हें ठरवितांना आपणांपैकीं कोणाला कोणी कधीं विचारलें आहे काय ? पिकविणारे आणि खाणारे दोघेही येथें बसले आहेत. ठरविणारा मात्र भलतीकडेच बसला आहे.

जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला आणि शेतकऱ्याचें दारिद्र्य हें नशिबाचें फळ नसून त्याच्या अविद्येवर पोसलेल्या कारभाराचें फळ आहे, हें उघड करून दाखविलें. १८७७ च्या दुष्काळांत त्यांनीं व सत्यशोधक मंडळींनीं धनकवडी येथें निराधार मुलांच्या अन्नाची सोय केली. पुढें १८९६-९७ च्या दुष्काळांत शाहू महाराजांनीं कोल्हापूर संस्थानांत स्वस्त धान्याचीं दुकानें उघडलीं. हे उपकार बहुजन समाज विसरणार नाहीं. परंतु असा राजा आणि असा महात्मा दर पिढीला मिळतोच असें नाहीं. १९७२ च्या दुष्काळांत परदेशांतून लाल मिलो आली. जनावरांचा दाणा म्हणून लोकांनीं तिला नांवें ठेविलीं आणि पोट जाळण्यासाठीं तीच खाल्ली. भुकेल्यानें आवडनिवड सांगूं नये, हाच त्या वेळचा न्याय होता.

आतां तो न्याय राहिलेला नाहीं. २०१३ सालीं राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा झाला. खेड्यांतील शंभरांपैकीं पंचाहत्तर माणसांपर्यंत धान्य पोंचावें अशी त्याची मर्यादा आहे. प्राधान्य कुटुंबाला माणशीं दरमहा ५ किलो धान्य मिळतें आणि २०२३ च्या जानेवारीपासून तें फुकट दिलें जातें. याबद्दल आम्ही कुरकूर करीत नाहीं. ज्या घरांत चूल एक वेळ पेटत होती, तेथें ती दोन वेळ पेटूं लागली, हें लहान काम नव्हे. पण याच कायद्यांत आणखी कांहीं लिहिलें आहे आणि तें आपणांस कोणी वाचून दाखविलें नाहीं. म्हणून तें आज आम्ही वाचून दाखवितों.

कलम १२ म्हणतें कीं, रेशन दुकानाचा परवाना देतांना पंचायती, बचतगट, सहकारी संस्था यांस प्राधान्य द्यावें आणि दुकानांचा कारभार स्त्रियांच्या हातीं यावा. त्याच कलमांत, हळूहळू रेशनावर वेगवेगळ्या वस्तू याव्यात व स्थानिक वांटपाच्या पद्धतींस आणि धान्यबँकांस आधार मिळावा, असेंही म्हटलें आहे. कलम २८ प्रमाणें स्थानिक संस्थेनें रेशन दुकानाची सामाजिक तपासणी करून तिचे निष्कर्ष लोकांपुढें मांडावयाचे आहेत. कलम २९ प्रमाणें प्रत्येक दुकानावर दक्षता समिती असावयास पाहिजे आणि तींत पंचायत, अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया, निराधार व अपंग यांना योग्य स्थान पाहिजे. आपल्या गांवच्या दक्षता समितीचे सभासद कोण, हें येथें बसलेल्यांपैकीं किती जण सांगूं शकतील ? कित्येक सभासदांना स्वतःलाच तें ठाऊक नसतें !

आतां धान्याकडे वळूं. आमच्या मुलखाचें अन्न ज्वारी आणि बाजरी. रेशनावर मुख्यतः येतात गहूं आणि तांदूळ. सरकार जें भरपूर खरेदी करतें तेंच दुकानांत येतें आणि जें दुकानांत येतें त्याचीच पोरांना गोडी लागते. मग ज्वारीला गिऱ्हाईक कमी, म्हणून पेरा कमी, म्हणून कडबा कमी, म्हणून दावणीचें जनावरही कमी. एका निर्णयाची सांखळी अशी गोठ्यापर्यंत येते. भारताच्या सूचनेवरून २०२३ हें वर्ष जगानें भरड धान्यांचें वर्ष म्हणून पाळलें. सभा झाल्या, फलक लागले. पण शेजारच्या कर्नाटकानें त्याआधींच रेशनावर दक्षिणेकडे नाचणी व उत्तरेकडे ज्वारी दिलेली आहे. म्हणजे ही गोष्ट अशक्य नाहीं. मागणारें तोंड मात्र पाहिजे.

येथें कोणी म्हणेल, “मग सर्व कारभार गांवाच्या हातीं द्या, म्हणजे झालें !” बंधूंनो, येथेंच सावध राहिलें पाहिजे. गांव म्हणजे कोणाचें गांव ? जुन्या खळ्यावर रास पडे तेव्हां माप धरणारा एक, लिहिणारा दुसरा आणि राशीच्या कडेला हात जोडून उभा राहणारा तिसरा होता. त्या तिसऱ्याला मिळे तें बलुतें आणि वर शिवी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९४८ सालीं घटना समितींत खेड्याच्या खोट्या गौरवावर कोरडे ओढले, ते याच अनुभवावरून. ज्या पारावर चार वजनदार माणसें बोलतात आणि बाकीचे ऐकतात, त्या पाराला लोकशाही म्हणण्यास आम्ही तयार नाहीं.

एकच उदाहरण घ्या. आपल्याकडे ग्रामसभा नेमानें २६ जानेवारीला भरते. त्या दिवशीं आपल्या गांवचीं ऊसतोड कुटुंबें कोठें असतात ? कारखान्याच्या फडांत. दिवाळीच्या सुमारास गेलेला कोयता उन्हाळा लागल्यावर परत येतो. ज्यांच्या घरीं अन्नाची चिंता सर्वांत मोठी, तींच माणसें अन्नाचा ठराव होतांना गैरहजर ! म्हणून धान्याचा, शाळेच्या आहाराचा व रेशनाच्या तपासणीचा विषय १ मे आणि १५ ऑगस्ट या दोन सभांत घ्यावा. आणि त्यापूर्वीं स्त्रियांची सभा खरोखरीच भरवावी, केवळ अंगठे घेऊन नव्हे.

खालच्या थरांतून कारभार चालतो काय, अशी शंका ज्यांना येते त्यांनीं तेलंगणांतील जहीराबादकडे पाहावें. हा मुलूख बिदरला लागून आहे. १९४८ पर्यंत तो मराठवाड्याबरोबर निजामाच्या राज्यांत होता. माती कोरडवाहू, अन्न ज्वारीचें. तेथें डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या आधारानें गरीब स्त्रियांनीं, ज्यांत बहुसंख्य दलित, गांवोगांव संघ केले. १९९० नंतरच्या दशकांत त्यांनीं स्वतःचें रेशन उभें केलें. पडीक पडलेल्या जमिनीच्या नांगरटीला व खताला मालकास उसनवारी दिली. त्यानें ती पैशांत न फेडतां ज्वारीच्या रूपानें थोडी थोडी फेडली. ती ज्वारी गांवांतच सांठविली आणि पावसाळ्यांत, जेव्हां घरांत दाणा नसतो, तेव्हां गरिबांना स्वस्तांत दिली. गरीब कोण हें ठरविण्यासाठीं वरून कोणी यादी आणली नाहीं. बायकांनीं जमिनीवर गांवाचा नकाशा काढला आणि कोणत्या घरीं किती अन्न आहे हें सर्वांसमक्ष ठरविलें. उघड्यावर ठरविलेल्या यादींत सावकाराचा भाचा घुसूं शकत नाहीं ! यांत पडीक जमीन पिकली, मजुराला काम मिळालें, जनावरांना कडबा मिळाला आणि धान्य गांवाबाहेर गेलें नाहीं.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, अकोले तालुक्यांतील कोंभाळणें गांवीं राहीबाई पोपेरे आहेत. शाळेची पायरी त्या चढल्या नाहींत. पण वाल, घेवडा, भात, भाज्या यांचें गांवठी बियाणें जपून त्यांनीं बीजबँक उभी केली. सरकारनें २०२० सालीं त्यांना पद्मश्री जाहीर केली. आम्ही शिक्षक मंडळी परीक्षेचें ज्ञान वांटतों. हें ज्ञान मात्र आमच्या कोणत्याही क्रमिक पुस्तकांत नव्हतें. तें एका आदिवासी शेतकरणीच्या मडक्यांत होतें. विद्या एका जातीच्या कपाटांत कोंडलेली असते, असें मानणाऱ्यांना याहून चांगलें उत्तर कोणतें ?

शाळेविषयीं आमचें दोन शब्द. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या हुकुमानें शिजविलेलें अन्न हा मुलांचा हक्क झाला. पहिली ते पांचवीच्या मुलाला ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिनें, त्यावरच्या आठवीपर्यंतच्या मुलाला ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिनें, असें माप आहे. तांदूळ सरकारी गोदामांतून येतो, पण भाजीपाला गांवांतून घेतां येतो. ज्या बाईच्या परसांत शेवगा आहे, तिच्याकडून शेंगा आणि पाला कां घेऊं नये ? शाळा व्यवस्थापन समितींत २००९ च्या कायद्याप्रमाणें तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. त्यांनीं महिन्यांतून दोन वेळां पातेल्याजवळ यावें, अन्न चाखावें, सामानाची वही पाहावी. गुरुजींना राग येईल अशी भीति धरूं नये. ज्या गुरुजींना येईल, त्यांस आम्ही समजावूं.

तर येत्या सभेंत चार ठराव मांडा. पहिला, दक्षता समितीचीं नांवें दुकानाच्या दारावर लावावींत. दुसरा, आपल्या दुकानांत ज्वारी-बाजरी मिळावी अशी मागणी तहसीलदारांकडे लेखी पाठवावी. तिसरा, शाळेचा भाजीपाला गांवांतील भूमिहीन व विधवा स्त्रियांच्या परसांतून प्रथम घ्यावा. चौथा, गांवठी बियाण्याची आणि धान्याची कोठी स्त्रियांच्या गटाकडे द्यावी व तिच्या वहीचें सभेंत वाचन व्हावें. ठराव इतिवृत्तांत लिहिला गेला कीं नाहीं, हें तेथेंच बसून वाचून घ्या. वाचतां येत नसेल तर आपल्या शाळेंतील पोर बरोबर न्या. त्याला आम्ही त्यासाठींच शिकविलें आहे.

“अडाण्यांना काय कळतें ?” असें कोणी म्हणेलच. पोथीच्या बाबतींत हेंच म्हटलें गेलें, शाळेच्या बाबतींत हेंच, मताच्या हक्काबाबतही हेंच. दर वेळीं बहुजनांनीं तें खोटें ठरविलें. भाकरी कशी असावी हें भाकरी थापणारीला कळत नाहीं, असें म्हणणाऱ्यानें एक दिवस उपाशी राहून पाहावें.

 सत्यमेव जयते.