परगावचे सामने आणि घरची अपेक्षा

लांज्याहून खो-खोचा संघ परगावी निघाला म्हणजे प्रत्येक पालकाच्या मनात ढाल उभी राहते. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीस पहिल्या विश्वचषकात भारताचे दोन्ही संघ विजयी झाले. प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे कर्णधार महाराष्ट्राचेच. आशा बळावणे साहजिक आहे. परंतु पाठलागास मैदानात उतरतात नऊच. इतरांनी बाहेर बसावयाचे. माझ्या मास्तरकीत एक मुलगा तीन गावे हिंडला, खेळला एकदाही नाही. घरी वडिलांनी विचारले, "मग गेलास कशाला?" तो पुन्हा मैदानावर आला नाही. म्हणून विनंती, की खर्च, बुडणारा अभ्यास, मुक्काम यांविषयी शिक्षकांस आधीच विचारावे. मुलास परतल्यावर प्रथम "जेवलास का?" एवढेच विचारावे, बाकीचे तो आपणहून सांगेल.