परराज्यातलं गिऱ्हाईक आणि जीएसटी

भोरच्या बाजारपेठेत किंवा वेल्ह्यातल्या घरी बसून दुकानांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर ऑनलाइन विकणाऱ्या तरुणांसाठी ही माहिती.

१ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला. वर्षाची एकूण उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असेल, तर ऑनलाइन सॉफ्टवेअरसारखी सेवा पुरवणाऱ्याला सहसा नोंदणीची सक्ती नाही. गिऱ्हाईक परराज्यातलं असलं तरीही. करपात्र माल परराज्यात पाठवायचा असेल, तर मात्र बहुतेकदा आधी नोंदणी लागते.

नोंदणीनंतर साताऱ्याच्या दुकानदाराच्या बिलात केंद्राचा ९ आणि राज्याचा ९ टक्के कर दाखवा. परराज्यातल्या बेळगावच्या बिलात १८ टक्के एकात्मिक कर. प्रत्येक बिलावर गिऱ्हाइकाचं राज्य लिहा आणि विवरणपत्र मुदतीत भरा. उशीर झाला, तर विलंब शुल्क भरावं लागतं.