दुसरी उमेदवारी



वसंत व्याख्यानमाला म्हटली म्हणजे संतवाङ्मय, इतिहास, नाही तर एखादा राष्ट्रीय प्रश्न, अशी आपली समजूत असते. मी मात्र आज पोटापाण्याचा प्रश्न घेऊन उभा आहे. तीस-पस्तिशीपर्यंत एका धंद्यात काढलेल्या माणसाला सॉफ्टवेअरच्या धंद्यात शिरायचे झाले, तर त्याला पहिली नोकरी मिळावी कशी? विषय कोरडा वाटेल. पण ज्या घरात मिळवते माणूस एकच आहे आणि त्याच्याच मनात हा विचार घोळतो आहे, त्या घराला तो कोरडा वाटत नाही.

हा प्रश्न मुळशी तालुक्यात विचारायला विशेष कारण आहे. याच तालुक्याच्या पुण्याकडच्या कडेला हिंजवडी आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिथे औद्योगिक विकास महामंडळाच्या जमिनीवर संगणकाच्या कंपन्या उभ्या राहिल्या. आपल्याकडचे पुष्कळ तरुण रोज तिथे जातात. पण बहुधा गाडी चालवायला, पहाऱ्याला किंवा उपाहारगृहात वाढायला. या कामांत कमीपणा मुळीच नाही. खंत एवढीच की, आत बसून काम करणारा माणूस निराळ्या मातीचा असतो आणि तो दरवाजा बाविशीनंतर बंद होतो, असे आपण मनाशी धरून चाललो आहोत.

ही समजूत कितपत खरी आहे, याचे उत्तर याच खोऱ्याच्या पाण्यात सापडते. १९२१ साली या पेट्यात धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला आणि सेनापती बापटांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले. सत्याग्रह हरला, गावे आणि भातखाचरे पाण्याखाली गेली. ते पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याला गेले आणि त्याची वीज मुंबईला गेली. त्या दुःखाचा हिशेब आजच्या विषयाने फिटणार नाही. पण हीच वीज पुरवणाऱ्या टाटांच्या विद्युत कंपन्यांत १९५१ साली फकीरचंद कोहली नावाचे एक तरुण अभियंते नोकरीस लागले. कोणत्या घटकेला मुंबईला किती वीज लागेल आणि ती कोणत्या केंद्रातून किती घ्यावी, याचा मेळ घालणे हे त्यांच्या कामातले मोठे अंग होते. हा मेळ घालण्यासाठी त्यांनी संगणक हाताशी धरला. १९६८ साली टाटांनी टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही संस्था काढली आणि पुढच्याच वर्षी, पंचेचाळिशीच्या घरात असलेले कोहली तिचे सूत्रधार झाले. भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाचे जनक म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, ते गृहस्थ विजेच्या धंद्यातून आलेले होते.

परदेशातही हेच दिसते. ग्रेस हॉपर या अमेरिकेत महाविद्यालयात गणित शिकवीत. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, त्या नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या आणि १९४४ साली हार्वर्डच्या संगणकावर काम करू लागल्या. माणसाला समजेल अशा भाषेत लिहिलेल्या आज्ञा यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनाचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते. तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती.

आता आपल्यापैकी कोणी म्हणेल, ‘महाराज, कोहलींनी अमेरिकेत अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले होते, हॉपरबाई गणिताच्या डॉक्टर होत्या. त्यांना कोणी दारात ताटकळत ठेवले नाही. आम्हांला कोण विचारतो?’ आक्षेप रास्त आहे आणि त्याला बगल देऊन मला पुढे जायचे नाही. या थोरांपासून घ्यायचे ते एकच. त्यांनी जुना धंदा टाकून नवा धरला नाही. जुन्या धंद्यातला एक अडलेला प्रश्न ते नव्या धंद्यात घेऊन गेले. हे मात्र सामान्य माणसालाही जमण्याजोगे आहे. कसे, ते सांगण्यासाठी थोडे स्वतःविषयी बोलतो, क्षमा असावी.

मी आठ वर्षे औषधांच्या एका घाऊक दुकानात साठ्याचे आणि उधारीचे हिशेब ठेवीत होतो. रात्री घरी संगणकाचे शिक्षण चालू होते. अर्ज करू लागलो तेव्हा ही आठ वर्षे मी दोन शब्दांत गुंडाळून टाकली, लाज वाटे. चाळीसएक अर्ज गेले, उत्तर बहुतेकांचे आलेच नाही. अखेर एका ठिकाणी मुलाखतीला बोलावणे आले. समोरच्या गृहस्थांनी विचारले, “एवढी वर्षे तुम्ही काय करीत होता?” नाइलाजाने सांगितले. एकाच औषधाच्या चार बॅचा, प्रत्येकीची मुदत निराळी. जिची मुदत आधी संपते ती आधी विकावी लागते. आणि वही व फळी यांचा मेळ कधी बसत नाही. याच कटकटीसाठी मी घरी एक लहानसा प्रोग्राम लिहिला होता. ते म्हणाले, “दाखवा.”

पाहून झाल्यावर त्यांनी विचारले, “शेवटचा एकच खोका उरला आणि दोन कारकुनांनी एकाच क्षणी त्याचे बिल केले, तर?” माझ्या प्रोग्रामला उत्तर नव्हते. मी तसे कबूल केले आणि सांगितले की, आमच्या दुकानात शेवटच्या खोक्यावर एक चिठ्ठी असे. ती ज्याच्या हाती, त्यानेच बिल करायचे. ते हसले. म्हणाले, “डेटाबेसमध्ये आम्ही कुलूप घालतो, ते हेच.” मला नोकरी मिळाली. पगार दुकानापेक्षा कमी होता आणि काम ग्राहकांच्या तक्रारी सोडवण्याचे होते. पण दार उघडले. जी आठ वर्षे मी लपवीत होतो, तीच किल्ली निघाली.

पुढे नवशिक्यांच्या मुलाखती घेण्याची पाळी माझ्यावर आली, तेव्हा टेबलाच्या पलीकडूनही हेच दिसले. प्रमाणपत्रे सगळ्यांजवळ असतात आणि बहुधा सारखीच असतात. दूध संकलन केंद्रावर काम केलेला, भातगिरणीचा हिशेब ठेवलेला, शाळेत वेळापत्रक लावलेला उमेदवार जेव्हा त्या कामातली अडचण नेमकी सांगतो आणि तिच्यावर स्वतः केलेला तोडगा चालवून दाखवतो, तेव्हा समोरचा सावरून बसतो.

म्हणून माझे सांगणे असे. चालू नोकरी एकदम सोडू नका. रोजचे दोन तास धरून वर्ष-दीड वर्षाची तयारी ठेवा. एकच भाषा घ्या, पायथन घ्या, जावा घ्या, पण धरसोड नको. माहिती साठवण्या-शोधण्यासाठी एसक्यूएल शिका आणि कामाच्या आवृत्त्या सांभाळण्यासाठी गिट. सरकारच्या स्वयम् आणि एनपीटीईएलवर पुष्कळसे शिक्षण फुकट आहे. मग आपल्याच धंद्यातली एक अडचण घेऊन एक लहान वस्तू पुरती करा आणि ती ओळखीच्या माणसाला खरोखर वापरायला द्या. तो ज्या चुका दाखवील, त्यांतून जे शिकाल ते वर्गात शिकवता येत नाही.

२०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले आणि तेव्हापासून आज्ञावली लिहून देणारी साधने घरोघर पोचली. “मग आता शिकून काय उपयोग?” असे पुष्कळजण विचारतात. नवशिक्याची वाट त्यामुळे अवघड झाली, हे खरे. जे साधे काम पूर्वी त्याला देत, त्यातले बरेच आता यंत्र करते. या साधनांची मदत अवश्य घ्या. पण आपण दाखवलेल्या कामातली प्रत्येक ओळ तिथे का आहे, हे सांगता आले पाहिजे. लिहिणे स्वस्त झाले. लिहिलेले बरोबर आहे की नाही, हे ओळखणे महागले. आणि ते ओळखायला ज्याने त्या धंद्यात हात मळवले आहेत, तो माणूस लागतो.

दोन धोके सांगितल्यावाचून मला खाली बसवत नाही. नोकरी देतो म्हणून आधी अनामत मागणारा माणूस नोकरी देत नसतो, हे पक्के समजा. ‘नोकरी लागल्यावर फी द्या’ म्हणणाऱ्या वर्गाचा कागद सही करण्यापूर्वी घरच्या जाणत्या माणसाकडून वाचून घ्या. कित्येकदा ते सरळ सरळ कर्जच असते. दुसरा धोका खोट्या अनुभवपत्राचा. भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदीवरून कोणी कुठे किती काळ नोकरी केली, हे ताडून पाहता येते. खोटे उघडकीस आले म्हणजे नोकरी तर जातेच, आणि खरा अनुभवही कोणी खरा मानीत नाही.

शेवटी, हा मार्ग सर्वांसाठी आहे असे मी म्हणणार नाही. पहिली दोन वर्षे पगार कमी पडेल. दहा वर्षांनी लहान मुलाच्या हाताखाली काम करावे लागेल. तो चूक दाखवील आणि ती बहुधा खरी असेल. घरच्यांना हे आधी सांगा, कारण उमेदवारी एकट्याची नसते, सबंध घराची असते. ज्यांना हे पेलणार नाही, त्यांनी आपला धंदा नेटाने करावा. त्यातही प्रतिष्ठा आहे.

पण ज्यांना जायचे आहे, त्यांनी मान खाली घालून जाऊ नये. या खोऱ्यातल्या माणसाला शेती ठाऊक आहे, पावसाचा अंदाज ठाऊक आहे, दुधाचा, भाताचा, पाहुण्यांच्या सरबराईचा हिशेब ठाऊक आहे. ते ज्ञान घरी ठेवून जाल, तर बावीस वर्षांच्या मुलांच्या रांगेत शेवटी उभे राहाल. बरोबर घेऊन जाल, तर निदान एका प्रश्नापुरते तरी समोरच्याला तुमच्याकडून शिकावे लागेल. आणि नोकरी पुष्कळदा त्या एका प्रश्नावरच मिळते.